भिमाजी ओव्हाळच्या तीस काचा

भिमाजी ओव्हाळ माणसाची किंमत काचांवर ठरवायचा. दिवसाला ऐंशी काचा वाचणारा तो खरा माणूस, साठ वाचणारा कामचुकार, आणि त्याच्याही खाली हौशीराम मुऱ्हे. हौशीरामच्या चाळीसच्या वर कधी होत नसत. त्याच्यासाठी भिमाजीकडे वेगळी शिवी नव्हती. नुसतं नाव घेतलं की काम भागायचं.

चौसष्ट सालची गोष्ट. लोणावळ्यात एका रिकाम्या बंगल्यात हिवताप निर्मूलनाचं युनिट होतं. आजूबाजूच्या गावांतून, डोंगरावरच्या वाड्यांतून युनिटची माणसं दर पंधरवड्याला फिरत. घरात कुणाला ताप असला की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, एक वेळच्या गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढच्या घरी जायचं. या काचा लाकडी पेट्यांतून बंगल्यावर येत. तिथे त्या रंगवून, वर तेलाचा थेंब सोडून मायक्रोस्कोपखाली धरायच्या. डोळा लावला की जो गोल उजेड दिसतो त्याला फील्ड म्हणत. एका काचेची शंभर फील्डं बघायची असा नियम होता. हिवतापाचा जंतू दिसला तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला पाच दिवसांच्या पुऱ्या गोळ्या मिळत. निगेटिव्हला काहीच मिळत नसे.

भिमाजी सोमाटण्याजवळच्या वस्तीतला. वस्तीतला पहिला मॅट्रिक. छप्पन साली बापाने घरातले देव टोपलीत भरून नदीवर नेले, तेव्हा टोपली यानेच उचलली होती. पुण्याला जाऊन तो काचा वाचायला शिकला, परीक्षेत पहिला आला आणि युनिटवर रुजू झाला. मायक्रोस्कोपवर बसला की त्याला कुणाचं काही ऐकावं लागत नसे, म्हणून ती जागा त्याला प्यारी होती. तिथून डोळा उचलला की मात्र त्याला सगळीकडे गबाळी माणसं दिसत. बोट न पुसता रक्त घेणारे फिरते कर्मचारी गबाळे, सुई बघून रानात पळणारे डोंगरातले ठाकर गबाळे. युनिटचे प्रमुख डॉ. हनुमंत मेढेकर तर त्याच्या लेखी गबाळेपणाचा मुकुटमणी. साहेब घरून तांब्यात पाणी आणत आणि तांब्यावर फडकं बांधून ठेवत. मायक्रोस्कोपला डोळा लावलेलं त्यांना कुणी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या तक्त्यावर असे. त्या तक्त्यावर दर महिन्याला एक शून्य लिहिलं जाई. हद्दीतल्या हिवतापाचे रोगी, शून्य. अशी अकरा शून्यं झाली होती. बारावं पडलं की युनिट शेवटच्या टप्प्यात जाणार होतं, आणि साहेब पुण्याला, वरच्या जागेवर.

हौशीराम मुऱ्हे भिमाजीच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. भिमाजीपेक्षा दहा वर्षांनी मोठा, सोमाटण्याचा शेतकरी घरचा. काच लावायची, मग चष्मा पुसायचा, मग डोळा लावायचा, आणि डोळा लावल्या लावल्या म्हशीबद्दल किंवा भावकीच्या बांधाबद्दल बोलत राहायचं. काच पुढे सरकवताना त्याची बोटं इतकी हळू चालत की भिमाजीला ते बघवत नसे. कमी काचांबद्दल त्याला दोन मेमो मिळाले होते. दोन्ही त्याने घडी घालून टेबलाच्या खणात ठेवले होते, वरून पुडीतली सुपारी.

श्रावणात भुशीच्या वरच्या वाडीतून कान्हू नावाचा ठाकर आपल्या लेकीला घेऊन आला. चिंगी तिचं नाव, असेल सतरा-अठरा वर्षांची. घोंगडी पांघरून ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता. दोनदा काच घेतली होती आणि दोन्ही वेळा निरोप आला होता, काही नाही. गोळ्या घेतल्या की आठ दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच.

भिमाजीने रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. दोनदा निगेटिव्ह म्हणजे हिवताप नाही, दुसरा कसला तरी ताप असेल, दवाखान्यात जा, असं त्याने उभ्या उभ्या सांगितलं.

कान्हू हलला नाही. म्हणाला, "दादा, तुमच्या कागदात न्हाई आन् हिच्या अंगात हाय. मंग कागद अंगाला दावू का अंग कागदाला?"

भिमाजीला हे बोलणं उद्धटपणाचं वाटलं. डोंगरातली ही माणसं कागदाला आव्हान द्यायला लागली की आता झालंच, असं तो मनाशी म्हणाला आणि आत गेला. हौशीराम मात्र सुई घेऊन बाहेर आला. त्याने चिंगीच्या बोटाचं रक्त घेतलं, काच सुकवली, रंगवली आणि जेवणानंतर जो डोळा लावला तो चहाची वेळ टळली तरी काढला नाही. मध्ये म्हशीचं वेत झाल्याची हकिकत सांगून झाली, बांधाचं भांडण झालं. मग खुर्ची बाजूला सरकवून तो म्हणाला, "ओव्हाळ, या बघा जरा."

भिमाजीने बघितलं. तांबड्या गाभ्याचं निळं कडं, नखाएवढंही नाही, पण जंतूच. पुढे बऱ्याच फील्डांनंतर आणखी एक. आधीच्या दोन काचा हौशीरामनेच बोलता बोलता वाचल्या असणार आणि आता नशिबाने हाती लागलंय, असं धरून भिमाजीने रजिस्टर काढलं. दोन्ही नोंदींपुढे सही होती, भि. ओ.

त्याने जुन्या काचा पेटीतून शोधून काढल्या आणि दोन दिवस ऐंशीचं काम बाजूला ठेवून त्याच वाचत बसला. पहिल्या काचेत काहीच सापडलं नाही. दुसरीत दोनशे चाळिसाव्या फील्डात एक जंतू होता. म्हणजे आपण नियम मोडला नव्हता. शंभर बघायची ती शंभर बघितली होती, त्यात दिसलं नाही. यात आपला दोष नाही, हौशीरामला फक्त लॉटरी लागली. हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते सिद्ध करायचं त्याने ठरवलं.

मेढेकर साहेबांनी चिंगीची नोंद बघितली आणि पेनाने तिच्यापुढे लिहिलं, "बाहेरून आलेला रोगी." चिंगी लोणावळ्याच्या बाजारापलीकडे कधी गेली नव्हती. पण बाहेरचा रोगी तक्त्यात धरत नसत, त्यामुळे शून्य शाबूत राहिलं. पाच दिवसांच्या गोळ्या तेवढ्या तिला मिळाल्या. वाडीत फवारणी नाही, घरटी रक्त घेणं नाही. साहेबांच्या अक्षरातले ते तीन शब्द भिमाजीने वाचले आणि रजिस्टर मिटलं. त्या वेळी त्याला साहेबांपेक्षा हौशीरामचा हिशेब आधी चुकता करायचा होता.

त्याची युक्ती साधी होती. ज्याच्या रक्तात जंतू भरपूर आहेत अशा माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, ते निरोगी रक्तात मिसळून पातळ करत न्यायचं, आणि किती पातळ होईपर्यंत वाचणाऱ्याला जंतू सापडतो ते बघायचं. काचा कशाच्या आहेत हे वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मग कोण नशिबावर वाचतो आणि कोण डोळ्यावर, ते आपोआप कळेल.

असा रोगी भाद्रपदात मिळाला. शिदू नावाचा कातकरी ठाण्याकडच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर राबून परतला होता आणि स्टेशनबाहेर हुडहुडत पडला होता. हा मात्र खरोखर बाहेरचा होता, त्यामुळे साहेब त्याच्यावर खूश होते. त्याच्या काचेत एकेका फील्डात दहा-दहा जंतू दिसत होते. भिमाजीने त्याला काय करायचंय ते सांगितलं. गोळ्या आत्ताच मिळतील, त्याआधी दंडातून थोडं रक्त देशील का, असं विचारलं. शिदू म्हणाला, "घ्या की. त्येला लय माज आलाय." त्याने हात पुढे केला. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध घातलेलं होतं.

निरोगी रक्त म्हणून भिमाजीने स्वतःचं काढलं. दोन्ही एकत्र करताच दुधात लिंबू पिळल्यासारख्या गाठी झाल्या. रक्तगट जुळत नव्हता. मग त्याला नाइलाजाने शेजारच्या टेबलाकडे वळावं लागलं. हौशीरामने काही न विचारता बाही वर केली. त्याचं रक्त शिदूच्या रक्तात छान मिसळलं. हे भिमाजीला आवडलं नाही, पण इलाज नव्हता.

त्याने एकास दहा पातळ केलं, म्हणजे फील्डाला एक जंतू. मग एकास शंभर, म्हणजे दहा फील्डांत एक. मग एकास हजार, शंभर फील्डांत एखादा. आणि शेवटी एकास चार हजार, त्यात शंभर फील्डांत बहुतेक वेळा काहीच नाही. प्रत्येकाच्या सहा काचा, आणि नुसत्या हौशीरामच्या रक्ताच्या सहा. एकूण तीस. काचेच्या टोकाला त्याने हिरकणीच्या लेखणीने खरी खूण कोरली. बंगला झाडणाऱ्या नंदाबाईला त्याने त्या खुणांवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायला लावल्या आणि सगळ्या काचा पेटीत घालून पत्त्यांसारख्या पिसायला सांगितलं. नंदाबाईला लिहिता येत नव्हतं, पण पिसणं तिने मन लावून केलं. मग पट्ट्यांवर भिमाजीने एक ते तीस आकडे घातले. आता त्यालाही काही कळायला मार्ग राहिला नाही.

आधी भिमाजीने वाचल्या. अर्ध्या दिवसात तीस. रोजचं काम सांभाळून हौशीरामला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत भिमाजी त्याच्याकडे बघून ओठ मुडपत राहिला. दोघांचे कागद तयार झाल्यावर नंदाबाईने पाण्यात भिजवून पट्ट्या काढल्या आणि भिमाजी एकेक खूण वाचत गेला.

एकास दहा आणि एकास शंभर, दोघांनाही सगळ्या सापडल्या होत्या. एकास हजारच्या सहांपैकी भिमाजीला दोन सापडल्या आणि हौशीरामला चार. एकास चार हजारच्या भिमाजीला एकही नाही, हौशीरामला एक. इथपर्यंतसुद्धा नशीब म्हणून चालवून नेता आलं असतं. पण नुसत्या निरोगी रक्ताच्या सहा काचांपैकी एका काचेला भिमाजीने पॉझिटिव्ह म्हटलं होतं. हौशीरामने सहाही कोऱ्या सोडल्या होत्या.

भिमाजीने ती काच पुन्हा लावली. जिथे त्याने जंतू बघितला होता तिथे रंगाचा एक कण बसला होता. पावसाळी हवेत रंग असा साकळतोच. शिकाऊ माणूससुद्धा त्याला फसू नये. आपल्याला सापडावं म्हणून आपण सापडवलं, हे त्याला कळलं, आणि इतकी वर्षं लोकांवर जो थुंकला होता तो सगळा थुंका आपल्याच तोंडावर आल्यासारखं झालं. हौशीराम कागदाकडे बघून एवढंच म्हणाला की तेलाचा थेंब जरा कमी घ्या, कडेला जंतू दडतो. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भिमाजीला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्याने नंदाबाईकडून त्याच काचा पुन्हा पट्ट्या लावून पिसून घेतल्या आणि हौशीरामसारखा वाचायला बसला, सावकाश, शंभरऐवजी तीनशे फील्डं. एकास हजारच्या सहापैकी पाच सापडल्या आणि कोऱ्या सहाही कोऱ्या निघाल्या. डोळा त्याचाही वाईट नव्हता. ऐंशीचा आकडा वाईट होता. रक्तात जंतू थोडे असले की त्या वेगाने वाचलेली काच म्हणजे न वाचलेलीच.

हे सगळं त्याने स्वच्छ अक्षरात दोन पानांवर लिहिलं. खाली शिफारस केली, की ज्याचा ताप परत परत येतो त्याची काच तीनशे फील्डं बघावी, एका माणसाला दिवसाला चाळिसाच्या वर काचा देऊ नयेत, आणि निगेटिव्ह असं नुसतं न लिहिता "शंभर फील्डांत आढळला नाही" असं लिहावं. पानं घेऊन तो साहेबांच्या खोलीत गेला.

मेढेकरांनी पानं उलटली, पण वाचली नाहीत. हौशीरामचं रक्त वापरल्याचं तेवढं त्यांच्या नजरेला पडलं आणि ते हसले. म्हणाले, "ओव्हाळ, तुम्ही लोक दोन पुस्तकं शिकलात की लगेच संशोधन करायला निघता. सरकारने तुम्हाला दिसतं ते लिहायला ठेवलंय. जे दिसत नाही त्याची चिंता करायला वर माणसं आहेत."

भिमाजीला त्यातले 'तुम्ही लोक' ऐकू आले. तशी त्याला सवय होती. त्याने आवाज चढवला नाही. "साहेब," तो म्हणाला, "तक्त्यावरचं शून्य हिवताप नाही म्हणून पडलेलं नाही. आपण बघतो त्यात तो मावत नाही म्हणून पडलंय. चिंगीला दोनदा निगेटिव्ह मीच लिहिलंय. अशा किती असतील ते मला सांगता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही."

साहेबांनी पानं फायलीत सरकवली आणि ती फाईल कपाटाच्या वर टाकली, जिथे मोडके दिवे आणि रिकाम्या बाटल्या असत. तांब्यावरचं फडकं सोडून ते पाणी प्यायले. बोलणं संपलं होतं.

बारावं शून्य वेळेवर पडलं. बाहेरून पाहुणे आले, साहेबांना हार घातला, व्हरांड्यात फोटो निघाला. फोटोत भिमाजी मागच्या रांगेत आहे. हौशीराम नाही, त्याला तेव्हा काच सोडवत नव्हती. शेवटच्या टप्प्यात इतके वाचणारे लागत नाहीत म्हणून एक माणूस कमी करायचा हुकूम आला. साहेबांनी काचांचे आकडे काढले. ज्याच्या सगळ्यात कमी, तो घरी. हौशीरामने खणातली सुपारी तेवढी घेतली, मेमो तिथेच ठेवले आणि दुपारच्या गाडीने सोमाटण्याला गेला.

त्या वेळी भिमाजी उठून उभा राहिला नाही. ही गोष्ट त्याने पुढे कुणाला सांगितली नाही, पण स्वतःपाशी कधी लपवलीही नाही. कपाटावरच्या फायलीत हौशीरामच्या डोळ्याचा पुरावा पडलेला होता. तो काढून साहेबांच्या टेबलावर आपटता आला असता. पण फाईल काढली की त्यात रंगाच्या कणाला जंतू म्हणणारा भि. ओ.ही होता. त्याने ती वर राहू दिली. मेढेकरांनी तक्ता सांभाळला आणि आपण सही सांभाळली, यात फरक किती, हा प्रश्न त्याला अनेक वर्षं पडत राहिला. उत्तर काढायला जड नव्हतं, म्हणूनच तो ते काढत नसे.

पुढच्या पावसाळ्यात भुशीच्या वरच्या वाडीतून अकरा माणसं पॉझिटिव्ह निघाली. भिमाजी आता चाळीसच काचा वाचायचा आणि परत परत ताप येणाऱ्याची काच तीनशे फील्डं बघायचा. नियमात नव्हतं, तरी शेऱ्यात "शंभर फील्डांत आढळला नाही" असं लिहायचा. मेढेकर एव्हाना पुण्याला गेले होते. हिवताप कसा हटवला यावर ते ठिकठिकाणी भाषणं देत, असं कानावर यायचं. भिमाजी ते ऐकून नाकातून हसायचा, पण पूर्वीसारखी चव त्याला त्यात येत नसे.

सत्तरनंतर ताप उघडपणे परत आला. चौऱ्याहत्तर साली पेट्या इतक्या यायला लागल्या की काचा ठेवायला बाकं कमी पडली. नवे वाचणारे भरायचे होते आणि रोजावर जुने अनुभवी घ्यायलाही परवानगी मिळाली होती. एका रविवारी भिमाजी गाडीने घोरावाडीला उतरला आणि चालत सोमाटण्याला गेला.

हौशीराम गोठ्यापुढे चारा तोडत होता. केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. भिमाजीने त्याला हौशीरामभाऊ म्हणून हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तीस काचांचा कागद साहेबांनी वर टाकला तेव्हा आपण तो काढला नाही, काढला असता तर तुमची नोकरी कदाचित राहिली असती, हेही सांगितलं. आता जागा आहे, या, तुमच्याइतकं बारीक वाचणारा माझ्या बघण्यात दुसरा नाही, असं म्हणून तो थांबला.

हौशीरामने विळा खाली ठेवला. "म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "नंदाबाईनं सांगितलं व्हतं तवाच. कागूद कुटं पडलाय ते बी."

भिमाजीला वाटलं, आता हा शिव्या घालेल. त्याने त्या खाल्ल्या असत्या.

"तुमी मला कमी हाय म्हनून काढलं," हौशीराम म्हणाला. "आता लय लागतंय म्हनून बलावताय. मधल्या येळात मी व्हतो तेवडाच हाय. न्हाई यायचं मला."

त्याच्या बायकोने, बयाबाईने, चहा आणून ठेवला. दोघांनी तो प्यायला. हौशीरामने युनिटमधलं कुणाचं काही विचारलं नाही, म्हशीबद्दलही तो बोलला नाही. कप खाली ठेवून भिमाजी निघाला तेव्हा हौशीराम विळा उचलून पुन्हा चाऱ्याला लागला होता.

घोरावाडीच्या फलाटावर गाडीला अवकाश होता. बाकावर एक म्हातारी घोंगडी गुंडाळून कुडकुडत होती, सोबत तिची सून. भिमाजीने विचारलं, ताप कधीपासून. सून म्हणाली की पंधरा दिवस झाले, काच घेतली होती, काही नाही असं आलंय. भिमाजीने खिशातून वही काढून म्हातारीचं नाव आणि गाव लिहून घेतलं. काच कोणत्या तारखेला घेतली ते सुनेला आठवत नव्हतं, आणि तारखेशिवाय ती काच पेटीतून शोधून पुन्हा वाचता आली नसती. ते आठवेपर्यंत तो तिच्यापुढे उभा राहिला.